मुलांची पहिली पाच वर्षं: निसटून जाण्याआधी काय काय करता येतं

“मजा घ्या, हे दिवस परत येत नाहीत.” तान्ह्या बाळाच्या आईबापांना हे वाक्य भेटेल तो ऐकवतो. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ऐकणारा कित्येक रात्री सलग झोपलेला नसतो, त्याच्या खांद्यावर ओकलेल्या दुधाचा डाग वाळलेला असतो आणि बाळ पुन्हा उठेल या धास्तीने अर्धं लक्ष पाळण्याकडे असतं. मजा घ्यायची म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग त्या वाक्यातून एवढंच हाती लागतं की आपल्याला मजा वाटत नाहीये, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय.

सल्ला खोटा नाही. मूल सज्ञान होईपर्यंतच्या अठरा वर्षांचे साधारण ६,५७५ दिवस होतात. त्यातली पहिली पाच वर्षं म्हणजे १,८२६ दिवस, चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. आणि ज्याचे हे दिवस आहेत, त्याला त्यातले बहुतेक आठवणार नाहीत. मोठ्या माणसांना आठवणारी सर्वांत जुनी गोष्ट सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं रांगणं, पहिली पावलं, तुमच्या छातीवर झोपणं, यातलं काहीही मुलाजवळ राहत नाही. त्या काळाचे साक्षीदार घरातली मोठी माणसंच.

माझं मत असं आहे की ही वर्षं मनापासून अनुभवायला विशेष कोमल स्वभाव लागत नाही, थोडी तजवीज लागते. झोप, कामाची वाटणी, दिवसातला एक राखीव तुकडा, काय बघायचं याची माहिती आणि नोंदीची साधी सवय. खालच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या. झोपेचं खोबरं झालेलं असताना कुणी चौथ्या पायरीपासून सुरुवात केली, तर आठवड्याभरात ती सुटते.

पायरी पहिली: आधी झोप

नवजात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, ऐकायला हे भरपूर वाटतं. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. पोट लहान, त्यामुळे दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध लागतं. रात्र आणि दिवस यांतला फरक सांभाळणारं शरीरातलं घड्याळ जन्मतः बसलेलं नसतं, ते दोन ते चार महिन्यांत हळूहळू जुळतं. तोवर बाळाला शिस्त लावण्याच्या फंदात पडू नका. दिवसा भरपूर उजेड आणि रोजचे आवाज, रात्री मंद दिवा आणि कमीत कमी बोलणं, एवढं केलंत तरी घड्याळ जुळायला मदत होते.

आपल्या झोपेचा प्रश्न पाळी लावून सोडवावा लागतो. दोघं असाल तर दोघांनी मिळून प्रत्येक हाकेला उठणं ही सर्वांत वाईट पद्धत. रात्रीचे दोन भाग करा. उदाहरणार्थ, नऊ ते दोन एकाची जबाबदारी आणि दोन ते सात दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने शक्य असेल तर दुसऱ्या खोलीत झोपावं. प्रत्येकाला चार-पाच तासांची सलग झोप मिळाली की दुसऱ्या दिवशीचं माणूस वेगळंच असतं. आई अंगावर पाजत असेल तर एका पाळीत काढून ठेवलेलं दूध देता येतं. तेही नको असेल तर पाजण्याखेरीजचं सगळं, म्हणजे उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं, दुसऱ्याने करावं. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांनी आठवड्यातल्या दोन-तीन रात्रींसाठी तरी कुणाला तरी गळ घालावी. इथे भीड ठेवण्यात अर्थ नाही.

दमलेल्या माणसाकडून हमखास होणाऱ्या दोन गोष्टी टाळा. बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नका, ते धोक्याचं आहे. बाळाने पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपावं. जवळ उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण नको. दुसरं म्हणजे, रडणं असह्य झालं की बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. पाळण्यात पाठीवर ठेवा, दार लोटा, पाच मिनिटं बाहेर उभे राहा. रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरंच ओसरतं. हे आधी माहीत असलं तर “हे आता असंच चालणार” ही भीती तरी कमी होते.

पायरी दुसरी: कामं पूर्णच्या पूर्ण वाटून घ्या

मुलाबरोबरचा वेळ खाणारी गोष्ट बहुधा मूल नसते, मुलाभोवतीची कामं असतात. आणि कामांपेक्षा जास्त दमवतं ते कामं लक्षात ठेवणं. लस कधी, कपडे कुठल्या मापाचे संपले, औषधाचा डोस किती वजनाला किती. यातलं सगळं एकाच्याच डोक्यात असेल तर दुसरा कितीही “सांग ना, काय करू?” म्हणत असला तरी ओझं हलकं होत नाही. म्हणून काम वाटताना त्याचं आठवणं, आणणं, करणं हे सगळं एकत्र द्या. लसीकरण तुझ्याकडे, म्हणजे तारीख बघण्यापासून रात्री ताप आला तर मोजण्यापर्यंत तुझ्याकडे. पहिल्याने मग त्यात नाक खुपसायचं नाही. (हे दुसरं कलम पाळणं जास्त कठीण जातं.)

मदतीला येणाऱ्यांच्या बाबतीत एक उलटापालट करून पाहा. पाहुणे येतात, बाळाला मांडीवर घेतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी चहापाण्याच्या मागे लागता. त्याऐवजी बाळ तुमच्याकडे ठेवा आणि काम त्यांच्याकडे द्या. कपड्यांच्या घड्या, भांडी, बाजारातून आणायच्या वस्तू, अशी यादीच तयार ठेवा. खरोखर मदत करायची असते त्यांना यादी मिळाल्याचा आनंदच होतो.

बाकी घर थोडं अस्ताव्यस्त राहू द्या. एवढंच.

पायरी तिसरी: सगळंच आवडायला हवं, हा हट्ट सोडा

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर ‘पुरेशी चांगली आई’ अशी कल्पना मांडली. आई सुरुवातीला बाळाची जवळजवळ प्रत्येक गरज लगेच भागवते आणि पुढे हळूहळू थोडी कमी पडू लागते. हे थोडं कमी पडणंच बाळाला बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकवतं. पुढे १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आई आणि बाळ यांचं समोरासमोरचं वागणं बारकाईने अभ्यासलं. चांगल्या जमलेल्या जोड्यांतही दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ एकूण वेळेच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच असतो, असं त्यांच्या कामातून दिसलं. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणूक यात जातो. नात्याला बळ मिळतं ते या पुन्हा जुळण्यातून.

म्हणजे ओरडलात, कंटाळलात, मन दुसरीकडे होतं, तर काही बिघडलेलं नाही. परत वळलात की झालं. अगदी लहान मुलालाही “मी मघाशी मोठ्याने बोललो, तू घाबरलीस ना?” असं सांगता येतं आणि सांगावं.

आणखी एक गोष्ट उघडपणे फारशी बोलली जात नाही. प्रत्येक पालकाला प्रत्येक वय सारखं आवडत नाही. कुणी तान्ह्या बाळात रमतं आणि दोन वर्षांच्या हट्टांनी हैराण होतं. कुणाला पहिलं वर्ष नुसतं सेवाकार्य वाटतं आणि मूल बोलायला लागलं की जीव जडतो. तुमचं आवडतं वय अजून आलेलं नसेल, तर त्याची वाट बघण्यात अपराध नाही.

मात्र इथे एक रेघ ओढावी लागेल. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत विनाकारण रडू येणं, चिडचिड होणं हे बहुसंख्य आयांना होतं आणि दोन आठवड्यांत सहसा ओसरतं. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेना, सतत धास्ती वाटू लागली, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. बापांनाही हे होतं. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि एकटं राहू नका. अशा वेळी या लेखातल्या पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा. त्या कुठे पळून जात नाहीत.

पायरी चौथी: दिवसातला एक तुकडा राखून ठेवा

दिवसभर मुलाकडे टक लावून बघणं कुणालाच जमत नाही आणि मुलालाही ते नकोच असतं. दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा निवडा आणि तो रोज तोच ठेवा. वेगळा वेळ काढण्यापेक्षा जे काम रोज होतंच त्यालाच हा मान द्या. आंघोळ, सकाळी जाग आल्यानंतरचं लोळणं, कामावरून आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं, झोपण्याआधीची गोष्ट, यातलं काहीही चालेल. नोकरी करणाऱ्यांसाठी मी घरी आल्यानंतरची वेळ सुचवेन. दार उघडताना मूल धावत येतं आणि आपण बूट काढता काढता फोन कानाला लावलेला असतो, हा प्रसंग रोज घडतो. फोन दाराबाहेरच संपवा, मग आत या.

या तुकड्याचे नियम थोडेच आहेत. फोन दुसऱ्या खोलीत. नुसता पालथा ठेवून भागत नाही, मन त्याच्याकडेच राहतं. तुम्ही जमिनीवर बसा, म्हणजे तुमचे डोळे मुलाच्या उंचीवर येतील. काय खेळायचं ते मूल ठरवेल. शिकवू नका आणि परीक्षा घेऊ नका. “हा रंग कोणता? किती झाले?” हे प्रश्न इतके सवयीचे असतात की ते थांबवल्यावरच कळतं आपण किती विचारतो. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. “तू मोठा ठोकळा खाली ठेवलास. आता वरचा डुगडुगतोय.” मूल पुढचं स्वतःच बोलतं किंवा करून दाखवतं. बाळाने आवाज करायचा, आपण उत्तर द्यायचं, मग त्याची पाळी येईपर्यंत गप्प राहायचं. ही देवाणघेवाण बोलता न येणाऱ्या बाळाशीही होते, फक्त आपल्याला थांबता यायला हवं.

तीच गोष्ट पुन्हा वाचायचा आग्रह होतो तेव्हा वैताग येतो. पण मुलाला त्यातून काहीतरी मिळत असतं. तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या २०११ मधल्या एका अभ्यासात, नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्या मुलांपेक्षा एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकणाऱ्यांनी ते जास्त चांगले लक्षात ठेवले. तुम्हाला कंटाळा आला तर पुस्तकाऐवजी मुलाच्या चेहऱ्याकडे बघत वाचा. तोवर तुम्हाला ते पाठ झालेलंच असतं. पुढच्या पानावर काय येणार हे माहीत असलेलं मूल त्या आधीच्या वाक्याला कसं श्वास रोखून बसतं, ते बघण्यासारखं असतं.

आठवड्यातून एकदा याहून लांब, तासा-दोन तासांचा मोकळा वेळ द्या. त्यात गती मुलाची. शंभर पावलांच्या रस्त्याला अर्धा तास लागेल. दगड, मुंगी, झाकण, सगळ्याची चौकशी होईल. कुठे पोचायचं असेल त्या दिवशी हे करू नका, दोघांचंही डोकं फिरेल.

पायरी पाचवी: काय बघायचं ते माहीत करून घ्या

माझ्या मते ही सगळ्यांत कामाची पायरी. क्रिकेट कळत नसलेल्या माणसाला पाच दिवसांचा सामना कंटाळवाणा वाटतो, तसंच मुलांचं आहे. आत काय चाललंय ते थोडं जरी कळलं तरी लंगोट बदलतानाही करमणूक होते.

पहिले तीन महिने. बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना तुमचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ऐकत आलेलं असतं आणि जन्मानंतर लगेच तो ओळखतं. तळहाताला बोट लावलं की मूठ आवळते, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पाच-सहा महिन्यांत ती जाते आणि मग बाळ हवं ते हवं तेव्हा धरायला लागतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिलं खरं हसू येतं. त्याआधीचं झोपेतलं हसू वेगळं. हे तुमच्याकडे बघून आलेलं असतं आणि तुम्ही हसलात की आणखी फाकतं.

चौथा ते आठवा महिना. बाळाला स्वतःचे हात सापडतात. ते तासन्‌तास मुठीकडे बघतं, ती तोंडात घालतं, पुन्हा बाहेर काढून बघतं. खळखळून हसणं येतं, पालथं पडणं येतं, सहाव्या महिन्याच्या आसपास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी लड सुरू होते. (बाप लोकहो, ती हाक नसते. पण वाद घालू नका, आनंद करून घ्या.)

आठव्या महिन्यानंतर डोक्यात मोठी उलथापालथ होते. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे बाळाला कळू लागतं. आधी कापडाखाली खेळणं लपवलं की बाळाच्या लेखी ते संपलेलं असायचं. आता ते कापड ओढतं. लपाछपीत ‘भॉक’ केल्यावर जे हसू येतं ते याच शोधाचं. याच शोधाची दुसरी बाजू म्हणजे तुम्ही खोलीबाहेर गेल्यावरचा आकांत. तुम्ही कुठेतरी आहात आणि इथे नाही, हे त्याला आता समजतं. हा आकांत दहाव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. चिकटून बसलेलं मूल लाडावलेलं नसतं, त्याची समज वाढलेली असते.

वर्षाच्या आसपास बोट दाखवणं सुरू होतं. याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष जातं. पहिल्या पावलाचे व्हिडिओ निघतात, पहिल्या बोटाचे नाही. सुरुवातीला बोट म्हणजे “ते दे”. मग एक दिवस बाळ खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे बोट करतं, वळून तुमच्याकडे बघतं आणि पुन्हा कावळ्याकडे बघतं. त्याला कावळा नको असतो. तो तुम्हीही बघावा एवढंच हवं असतं. एका माणसाने दुसऱ्या माणसाबरोबर काहीतरी वाटून घेण्याची ही सुरुवात. या वेळी हातातलं काम सोडून कावळा बघाच.

चालण्याच्या बाबतीत शेजारच्या मुलाशी तुलना करून स्वतःचा आनंद घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी मुलं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागलेली दिसली. काही मुलं तर रांगतच नाहीत. अठरा महिने उलटूनही चालणं नसेल, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर मात्र डॉक्टरांकडे जा. आणि मूल चालू लागलं की ते पडतं किती, हेही बघा. २०१२ मधल्या एका अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एखादं नवं काम शिकताना आपण तासात सतरा वेळा आपटलो असतो तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो का?

दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशातल्या स्वतःला ओळखू लागतं. नकळत त्याच्या नाकाला कुंकवाचा किंवा रंगाचा ठिपका लावा आणि आरशासमोर धरा. आरशाला हात लावला तर ओळख अजून व्हायची आहे. स्वतःच्या नाकाला लावला, तर झाली. याच सुमारास ‘मी’, ‘माझं’ आणि ‘नाही’ यांचा मारा सुरू होतो. हट्टाने जमिनीवर लोळणाऱ्या मुलाकडे कौतुकाने बघा, असं मी म्हणणार नाही. त्याला हवं असणं कळलंय आणि थांबणं अजून जमत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी आपला आवाज थोडा खाली राहतो.

दोन ते तीन वर्षांत भाषेचा पूर येतो. या वयातल्या चुका ऐका, त्या खूप हुशार असतात. मूल म्हणतं, “मी करलं.” धरलं, भरलं, सरलं, मग करलं का नाही? हा शब्द त्याने कुणा मोठ्या माणसाकडून ऐकलेला नसतो. नियम स्वतः शोधून त्याने तो लावलेला असतो. लगेच दुरुस्त करू नका. “हो, तू केलंस” असं सहज उत्तर द्या आणि ‘करलं’ वहीत लिहून ठेवा. काही महिन्यांत ते जाईल आणि कधी गेलं ते कळणारही नाही.

चार वर्षांच्या आसपास मुलाला उमगतं की आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसू शकते. पहिली धड थाप याच शोधातून जन्मते. तोंडाला रंग लागलेला आणि “मी नाही हात लावला”. रागवायचं ते रागवा, पण खोलीबाहेर जाऊन हसून घ्यायला हरकत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी दुधाचा पहिला दात हलतो, वीसपैकी एक. तोवर घरात वेगळंच माणूस वावरायला लागलेलं असतं.

पायरी सहावी: थोडी नोंद, नीट नोंद

चार्ल्स डार्विनने १८३९ च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या बारीकसारीक हालचाली लिहून ठेवल्या होत्या. शिंकणं, जांभई, उचकी, सगळं. तो मजकूर त्याने ३७ वर्षांनी, १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात छापला. वर्षाचं झाल्यावर मुलाने खाण्यासाठी स्वतःच ‘मम’ असा शब्द तयार केला, हेही त्यात आहे. त्या घरात फोनचा कॅमेरा नव्हता. तरी एवढ्या वर्षांनी ते मूल आपल्याला दिसतं, ते लिहिल्यामुळे.

म्हणून पहिलं साधन वहीच. आठवड्याला दोन ओळी पुरेत, तारखेसह. ‘पहिल्यांदा’ घडलेल्या गोष्टी तशाही लक्षात राहतात. लिहायचं ते रोजचं. कसं झोपतं, कुठल्या शब्दाचा काय उच्चार करतं, कशाला घाबरतं, कुठली चिंधी उराशी धरून फिरतं. घडून गेलेल्या गोष्टींबरोबर चालू असलेल्या सवयीही लिहा, कारण सवयी निरोप घेऊन जात नाहीत.

दुसरं, आवाज. फोटोंचे ढीग असतात आणि बोबडे बोल एकाही घरात सापडत नाहीत. महिन्यातून एकदा फोनवर दोन-तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा. बोलता येऊ लागल्यावर दर वाढदिवसाला तेच चार-पाच प्रश्न विचारा: तुला काय आवडतं, घरात कोण कोण आहे, मोठं झाल्यावर काय करणार, भीती कशाची वाटते.

तिसरं, कॅमेरा. लिंडा हेन्केल या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण फोटो काढताना वस्तूच्या एखाद्या भागावर रोखून काढला, तर आठवण तेवढी घसरली नाही. यातून घ्यायचं ते असं: आधी नुसतं बघा, मग एक-दोन फोटो काढा आणि फोन ठेवून द्या. सगळी खोली टिपण्याऐवजी तळपाय, मानेवरचे कुरळे केस, पेन्सिल धरलेली बोटं टिपा. व्हिडिओत मुलाला “हसून दाखव” म्हणू नका, चालू असलेलं चालू द्या. आणि जो नेहमी कॅमेऱ्यामागे असतो, त्याच्या हातून फोन काढून घ्या. वर्षानुवर्षांच्या फोटोंत आई किंवा बाप दिसतच नाही, असं होऊ देऊ नका.

जपणूक हा कंटाळवाणा भाग आहे, पण त्याशिवाय वरचं सगळं वाया जाऊ शकतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे फोनमध्ये, हार्ड डिस्कवर आणि ऑनलाइन साठवणीत. महिन्याच्या शेवटी शेकडो फोटोंतून पंधरा-वीस निवडा आणि बाकीचे निर्दयपणे उडवा, नाहीतर पुढे कुणीच बघत नाही. सोनोग्राफीचे छापील कागद बहुधा उष्णतेने छापले जाणारे असतात. ते उजेडाने, उबेने पुसट होत जातात. आजच त्यांचे फोटो किंवा स्कॅन काढा. वस्तूंसाठी एकच खोका ठेवा. त्यात मावत नसेल तर जुनं काहीतरी बाहेर काढायचं. आणि मुलाचे उघडेवाघडे किंवा रडतानाचे फोटो चारचौघांत टाकताना, हे मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर काय म्हणेल, एवढा विचार करा.

पायरी सातवी: मुलाला त्याच्याच गोष्टी सांगा

मुलांना लहानपणीचं काहीच आठवत नाही, असं नसतं. चार वर्षांचं मूल दोन वर्षांपूर्वीचं काही अचूक सांगून आपल्याला चकित करतं. त्या आठवणी पुढे विरतात. पेट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मुलांशी तिसऱ्या वर्षी घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलून ठेवलं होतं. पाच ते सात वर्षांच्या वयात त्यांना त्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक गोष्टी आठवत होत्या, आठव्या-नवव्या वर्षी चाळीस टक्क्यांहून कमी.

ज्या घरांत झालेल्या गोष्टींविषयी भरपूर आणि खुलवून बोललं जातं, तिथल्या मुलांच्या आठवणी अधिक तपशीलवार असतात, हे रॉबिन फिवुश आणि इलेन रीज यांच्या संशोधनातून दिसतं. करायला हे सोपं आहे. रात्री दिवे मालवल्यावर दिवसातली एक गोष्ट दोघांनी मिळून आठवायची. “आज आपण कुठे गेलो होतो?” इथे थांबू नका. “तिथे तो मोठा कुत्रा आला, तेव्हा तू कुठे लपलास? मग काय वाटलं?” मुलाने चुकीचं सांगितलं तर खोडून काढायची घाई नको. महिन्यातून एकदा वहीतलं काही वाचून दाखवा. स्वतःच्या बाळपणाची हकिकत ऐकताना मुलं इतकी गुंग होतात की त्यापुढे इतर गोष्टी फिक्या पडतात.

दुसरं मूल असेल तर

दुसऱ्याच्या वाट्याला फोटो कमी येतात, वही तर कोरीच राहते. हे भरून काढायला पहिल्याइतकं सगळं करायची गरज नाही. आवाजाचं मुद्रण आणि दोन ओळी, एवढं दोघांसाठी सारखं ठेवा. दुसऱ्याला रोज पाच मिनिटं तरी एकट्याचा वेळ द्या, कारण पहिल्याला तो काही वर्षं आयताच मिळाला होता. एक फायदा मात्र दुसऱ्या वेळी हमखास मिळतो: रात्रीचं रडणं कायमचं नसतं, हे तुम्हाला आता अंगवळणी पडलेलं असतं.

ही वर्षं आधीच गेली असतील तर

मूल आज सात-आठ वर्षांचं असेल आणि वही कधीच नव्हती, तरी बरंच काही अजून सापडतं. जुन्या फोनमधले संदेश उघडा. आजीला, बहिणीला, मैत्रिणीला, डॉक्टरांना पाठवलेले. “आज पहिल्यांदा पालथी पडली”, “रात्रभर ताप, आता बरा आहे”, “हे बघ काय म्हणाला”. ही तारीखवार रोजनिशी तुम्ही नकळत लिहिलेलीच आहे. मुलाच्या नावाने शोधा, महत्त्वाचे संदेश उतरवून घ्या किंवा संभाषणच फाइल म्हणून बाहेर काढा, कारण फोन बदलताना हेच सर्वांत आधी हरवतं.

मग आईबापांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, आठवेल ते लिहावं. त्याचं झोपणं, त्याचे शब्द, त्याची भीती. नंतर कागद शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या गोष्टी एकालाच आठवत असतात आणि दोघांच्या आठवणी भांडू लागल्या की तिसरी आठवण बाहेर येते. आजी-आजोबांना, सांभाळणाऱ्या बाईंना विचारा आणि विचारताना फोनचं ध्वनिमुद्रण चालू ठेवा. जमलेलं सगळं एका वहीत तारखेच्या क्रमाने लावा, तारीख नक्की नसेल तिथे नुसता ऋतू किंवा वर्ष लिहा, आणि पुढची पानं आजपासून भरायला घ्या. सात वर्षांच्या मुलाच्याही सवयी आहेतच, आणि त्याही बदलणार आहेत.